वीस गुणांचं एक वर्ष

८ जून २०१९, शनिवार. विदर्भात शाळा उघडायला अजून अवकाश होता. त्या वर्षी आमच्याकडे पहिली घंटा २६ जूनला होणार होती. दुपारी एक वाजता दहावीचा निकाल ऑनलाइन लागला आणि तीनच्या सुमारास, भर उन्हात, एक पालक शाळेच्या ऑफिसात आले. डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला, हातात नेट कॅफेतून काढलेला कागद. मुख्याध्यापकांनी त्यांना माझ्याकडे पाठवलं. मराठी मी शिकवत होतो.

"सर, घरी आमी मराठीच बोलतो ना जी," ते म्हणाले. "मंग पोट्टं मराठीत कसं काय नापास झालं?"

कागद पाहिला. गणितात पोरगा पास होता. विज्ञानातही, काठावर का होईना, निघाला होता. राहिलं होतं मराठी आणि इंग्रजी. गणितात गचकणारी मुलं मी तोवर ढिगानं पाहिली होती. गणितात सुटून मराठीत अडकणारा हा माझ्या आठवणीतला पहिलाच, आणि त्या दुपारी तो एकटा नव्हता. त्या बापाला मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं. खरं उत्तर द्यायचं तर मागच्या वर्षभरात तीन विषयांच्या तासांचं काय झालं ते सांगावं लागलं असतं. ते इथे सांगतो. शाळा वर्धा जिल्ह्यातली, तालुक्याच्या गावची, मराठी माध्यमाची. नाव महत्त्वाचं नाही. त्या वर्षी अशा शाळा राज्यभर होत्या.

आधी वीस गुणांविषयी. २०१८ च्या मार्चपर्यंत दहावीच्या भाषा विषयांना ८० गुणांची लेखी आणि २० गुणांचं अंतर्गत मूल्यमापन असे. हे वीस शाळेच्या हातात. कागदावर त्यात श्रवण होतं, भाषण होतं, स्वाध्याय होता. प्रत्यक्षात ते कसं चाले हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही मराठीच्या शिक्षकाला विचारा. जानेवारी-फेब्रुवारीत एक-दोन दिवस व्हरांड्यात मुलांची रांग लागायची. "तुझ्या आवडत्या सणाविषयी बोल." मूल चार वाक्यं बोलायचं, पाचव्याला अडखळायचं, आणि तक्त्यावर १८ पडायचे. जो बोललाच नाही त्याला १६. जो त्या दिवशी आलाच नाही त्यालाही १६, कारण तो कापूस वेचायला गेला होता हे आम्हाला ठाऊक असायचं. पंधरा-सोळा गुण असे खिशात आले की ३५ गाठायला लेखीत ऐंशीपैकी विसाच्या आसपास पुरे. वर्तमानपत्रं याला गुणांची खिरापत म्हणत, आणि मी वाटणाऱ्यांपैकी असल्यामुळे सांगतो, शब्द चुकीचा नव्हता.

मात्र त्याच खोट्यात एक खरी गोष्टही दडलेली होती. वर्षातून निदान एकदा प्रत्येक मूल वहीशिवाय, पुस्तकाशिवाय माझ्यासमोर उभं राहून मराठीत काहीतरी बोलायचं. शेवटच्या बाकावरची, पाच वर्षांत वर्गात तोंड न उघडलेली पोरगी आजीच्या गोधडीविषयी बोलायला लागली की थांबायची नाही. त्या दोन दिवसांसाठी आधीचे आठ-दहा तास तरी आम्ही बोलण्याच्या सरावाला द्यायचो. गुण खोटे होते, सराव बराचसा खरा होता. हे माझ्या लक्षात आलं ते दोन्ही एकदम गेल्यावर.

२०१८-१९ ला दहावीत आलेल्या तुकडीवर एका वेळी तीन बदल येऊन पडले. पुस्तकं नवी: मराठीची नवी कुमारभारती, इंग्रजीचं नवं कोर्सबुक, गणिताचे नवे दोन भाग. मराठीचा पेपर नवा: प्रश्नपत्रिका गेली, कृतिपत्रिका आली. आणि भाषांचे व समाजशास्त्रांचे अंतर्गत वीस गुण गेले. मराठीची लेखी सरळ शंभराची झाली. गणित आणि विज्ञानाचे वीस मात्र शाबूत राहिले. विज्ञानात प्रात्यक्षिक असतं, ते समजण्यासारखं. गणितात ते गृहपाठ आणि बहुपर्यायी चाचणीचे.

तिन्ही बदल सुटे पाहिले तर प्रत्येकामागे कारण होतं. वीस गुणांच्या जोरावर फुगलेले निकाल पुढच्या स्पर्धा परीक्षांत उघडे पडतात, हा सरकारचा युक्तिवाद खोटा नव्हता. आणि कृतिपत्रिका तर मला मनापासून आवडली होती. जुन्या पेपरात "कवीने पावसाचे वर्णन कसे केले आहे?" असं यायचं आणि गाइडातलं उत्तर जसंच्या तसं उतरायचं, चुकीच्या ऱ्हस्व-दीर्घासकट. शंभर वह्या तपासताना एकच वही शंभरदा तपासतोय असं वाटे. आता आकृतिबंध पूर्ण करायचा, ओळींचा अर्थ आपल्या शब्दांत सांगायचा, 'स्वमत' लिहायचं, न पाहिलेला उतारा वाचून उत्तरं द्यायची, जाहिरात किंवा बातमी तयार करायची. भाषा येते का, हे तपासणारा पेपर.

घोळ असा की आमच्या मुलांना स्वतःचं मत लिहायची सवय कुणी लावलीच नव्हती. पहिल्या घटक चाचणीत 'स्वमत'ची जागा निम्म्या वह्यांत कोरी. एकानं प्रामाणिकपणे लिहिलं होतं: "माझे मत सरांसारखेच आहे." मी खूप हसलो, स्टाफरूममध्ये वाचून दाखवलं, सगळे हसले. नंतर घरी जाताना सायकलवर ते वाक्य काही डोक्यातून जाईना. पाचवी ते नववी आम्हीच त्याला हे शिकवलं होतं.

आणखी एक अडचण आमच्या भागातली. आमच्या मुलांच्या जिभेवरची मराठी पेपरातली नाही. घरात वऱ्हाडीशी नातं सांगणारी बोली, काही घरांत गोंडी, बाजारात हिंदी. तोंडी परीक्षेत "मी वावरात गेलतो" म्हणणाऱ्या पोराला मी बिनदिक्कत १८ देत होतो, कारण त्याचं सांगणं सुरेख असे. शंभर गुणांच्या लेखीत त्याच पोराला प्रमाणभाषेच्या चौकटीत बसणं भाग होतं. त्या बापाच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे. घरी ते मराठी बोलत होते हे खरंच, पण त्या मराठीला गुण मिळण्याची एकुलती एक जागा त्या वर्षी बंद झाली होती.

त्यांचा मुलगा हे याचं सगळ्यात ठळक उदाहरण. टेनिस बॉलच्या गाव-स्पर्धांना माइक त्याच्या हातात असायचा. दिवसभर कॉमेंट्री करायचा, एकही वाक्य दुसऱ्यांदा न वापरता. "चेंडू गेला पाटलाच्या तुरीत, आता शोधा अन् हंगाम बी उरका!" अशी वाक्यं त्याला जागच्या जागी सुचत. अक्षर मात्र मुंग्या सांडल्यासारखं, आणि तीन ओळींच्या पुढे लिहायचं म्हटलं की हात थांबायचा. आधीच्या वर्षी असता तर वीसपैकी अठरा मी त्याला खिरापत म्हणून नव्हे, हक्काचे दिले असते.

इंग्रजीची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती मराठीसारखीच होती, फक्त जास्त केविलवाणी. आमच्याकडे इंग्रजी ही तृतीय भाषा. पहिलीपासून इंग्रजी २००० साली सुरू झालं, तेव्हा ही मुलं जन्मलीही नव्हती. म्हणजे दहा वर्षं इंग्रजी शिकून ती दहावीत आली होती. इंग्रजीच्या मॅडम तोंडी परीक्षेच्या निमित्तानं डिसेंबरपासून वर्गात छोटे संवाद करून घेत: बसस्टँडवर तिकीट मागणं, डॉक्टरला दुखणं सांगणं. मुलं लाजत, खिदळत, पण बोलत. नव्या पेपरात 'भाषण लिहा', 'संवाद लिहा' असे प्रश्न होते. मॅडमनी ते ठरावीक सांगाडे फळ्यावर लिहून पाठ करून घेतले. दुसरं करणार काय, शंभर गुण लेखीचे होते. त्या वर्षी आमच्या दहावीच्या मुलांनी इंग्रजीत पन्नास भाषणं लिहिली आणि एकही केलं नाही.

हिंदीचं फार काही सांगण्यासारखं नाही. तिथंही लेखी वाढली, पण आमच्या मुलांना हिंदी टीव्हीनं शिकवलेली असते.

आता गणित. गणिताचे सर त्या वर्षी स्टाफरूममध्ये सगळ्यात निवांत होते, हा उलटा नजारा मी पहिल्यांदा पाहिला. "माझे वीस माझ्यापाशी आहेत," असं ते चहाचा कप उचलून म्हणायचे. भाग एक चाळीस, भाग दोन चाळीस, वर गृहपाठ-चाचणीचे वीस. त्यामुळे दहावीत गणितानं गाळायचं आणि भाषांनी तारायचं, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशेबच फिरला.

पण त्यांचंही वर्ष सोपं नव्हतं. भाग एकमध्ये 'अर्थनियोजन' नावाचं प्रकरण आलं होतं: जीएसटी, शेअर्स, म्युच्युअल फंड. जीएसटी देशात लागू झाला जुलै २०१७ मध्ये. वर्षभरात तो दहावीच्या पुस्तकात. कल्पना उत्तम. सरांनी खताच्या दुकानातलं बिल वर्गात आणलं, मुलांनी सीजीएसटी-एसजीएसटीची बेरीज केली, आणि एका पोरानं दुकानदारानं बापाला दिलेली कच्ची चिठ्ठी दाखवून विचारलं, यात कर कुठाय? सर म्हणाले, तो प्रश्न पेपरात येणार नाही. शेअर्सपाशी मात्र गाडी रुतली. दर्शनी किंमत, बाजारभाव, दलाली; वर्गात एकाच्याही घरी कुणी शेअर घेतलेला नव्हता, सरांनीसुद्धा नाही.

त्यात आमच्याकडे दोन तुकड्या. 'अ' तुकडी सेमी, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. 'ब' पूर्ण मराठीतून. सेमीच्या मुलांना 'हायपोटेन्युज' माहीत, 'कर्ण' म्हटलं की महाभारत आठवतं. 'ब' तुकडीला कर्ण, स्पर्शिका, समरूपता हे शब्द नीट कळतात, पण अकरावी विज्ञानाला गेलं की सगळं इंग्रजीत, तेव्हा हे शब्द काखेतली झोळी बाहेर ठेवावी तसे ठेवून आत जावं लागतं. पालकांना हे ठाऊक असतं. त्यामुळे हुशार पोर 'अ' मध्ये घाला, ही मागणी पाचवीपासून. उरलेली 'ब' मध्ये. माध्यमाच्या नावाखाली आम्ही मुलांची चाळणी करत होतो आणि अजूनही करतो. मराठीत नापास झालेल्यांत बहुतेक 'ब' मधलेच होते, म्हणजे जी तुकडी सगळं मराठीतून शिकत होती तीच.

वेळापत्रकाविषयी एक गोष्ट सांगायला हवी, कारण शाळा कशाला महत्त्व देते ते तिथे कळतं. दहावीचे जादा तास म्हणजे गणित आणि इंग्रजी, हे ठरलेलं. ऑगस्टमध्ये मी मराठीसाठी आठवड्याला दोन जादा तास मागितले. "मराठीला कशाला, सर?" हे मुख्याध्यापकांनी हसून विचारलं आणि खरं तर माझ्यापाशीही ठाम उत्तर नव्हतं. जानेवारीत सराव परीक्षेचे पेपर तपासून झाले तेव्हा तेच मला बोलावून म्हणाले, उद्यापासून रोज सकाळी सात वाजता मराठी. तेव्हा हातात दीड महिना होता. त्या दीड महिन्यात मी जे शिकवलं त्याला मराठी शिकवणं म्हणायला जीभ रेटत नाही. कोणत्या प्रश्नाला किती ओळी, आकृतिबंधात काय भरायचं, 'स्वमत'ची पहिली आणि शेवटची ओळ काय असावी. म्हणजे मत काहीही असो, ओळी माझ्या. ज्या पाठांतराला मोडायला कृतिपत्रिका आली होती, तेच मी तिच्या अंगावर चढवत होतो.

मग निकाल. राज्यातले नियमित विद्यार्थी सोळा लाखांवर. २०१८ ला ८९.४१ टक्के उत्तीर्ण झाले होते. २०१९ ला ७७.१०. एका वर्षात बारा टक्क्यांहून जास्त घसरण. कोकण विभाग ८८.३८ टक्क्यांवर पहिला, आमचा नागपूर विभाग ६७.२७ वर सगळ्यात खाली. शंभर टक्के मिळवणारे आदल्या वर्षी १२५ होते, ते २० वर आले.

मला त्या आकड्यांतला एक वेगळाच वाटतो, ज्यावर फारसं कुणी बोललं नाही. २०१८ ला मुली ९१.९७ आणि मुलगे ८७.२७, अंतर पाच टक्क्यांच्या आत. २०१९ ला मुली ८२.८२ आणि मुलगे ७२.१८, अंतर दहाच्या वर. वीस गुणांचा टेकू काढल्यावर मुलगे जास्त कोसळले. माझा अंदाज असा, की मुली वर्षभर वह्या पूर्ण करतात, लिहितात, त्यामुळे लेखी वाढली तरी त्यांना ती अगदीच परकी नव्हती. मुलग्यांचं भाषेतलं उत्तीर्ण होणं आमच्या तक्त्यावरच्या १६-१८ वर उभं होतं. आम्ही त्यांना पास करत आलो, लिहायला शिकवलं नाही.

यानंतर गदारोळ झाला, पण तो कुठे झाला ते पाहण्यासारखं आहे. चर्चा होती मुंबई-पुण्यातल्या अकरावीची. त्याच वर्षी सीबीएसईचा दहावीचा निकाल ९१.१० टक्के, आयसीएसईचा ९८.५४, त्या मंडळांच्या मुलांचे अंतर्गत गुण तसेच, मग नामांकित कॉलेजांत आमच्या मुलांनी त्यांच्याशी टक्कर कशी द्यायची? प्रश्न रास्त होता. विनोद तावडे यांच्याकडून शालेय शिक्षण खातं जूनमध्येच आशिष शेलार यांच्याकडे आलं होतं. कॉलेजांत जागा वाढवल्या गेल्या, समिती बसली, आणि ऑगस्टमध्ये वीस गुण परत आले. ते २०१९-२० पासूनच, नववी-दहावी दोन्हींना.

आमच्या तालुक्यात अकरावीच्या जागा दरवर्षी रिकाम्या राहतात. आमच्या मुलांना कट-ऑफ शिवत नव्हता, त्यांना ३५ चा आकडा अडवत होता. पण वीस गुण परत आले ते कट-ऑफच्या भाषेत बोलणाऱ्यांमुळे, आणि आले ते गुण म्हणूनच. बोलणं शिकवायचं कसं, ते तपासायचं कसं, यावर कुणी वेळ घालवला नाही. बारावीच्या विज्ञान प्रात्यक्षिकाला जसा बहिस्थ परीक्षक येतो तसा भाषेच्या तोंडीलाही शेजारच्या शाळेचा शिक्षक यावा, असं मी केंद्रावरच्या एका बैठकीत सुचवलं. एकानं विचारलं, "आणि प्रवासभत्ता?" विषय तिथंच संपला.

२०२० चा निकाल ९५.३० टक्के. त्या वर्षी करोनामुळे भूगोलाचा पेपर तेवढा रद्द झाला, बाकी परीक्षा झाली होती. २०२१ ला परीक्षाच झाली नाही, सगळे गुण शाळांच्या हातात होते, आणि निकाल लागला ९९.९५. २०१९ ची ती तुकडी आधीच्या आणि नंतरच्या निकालांच्या मध्ये एकटी पडलेली दिसते, दोन उंच भिंतींमधल्या फटीसारखी. नोकरीच्या मुलाखतीत कुणी तिच्या गुणपत्रिकेवरचं साल बघून समजून घेत नाही.

तो कॉमेंट्रीवाला मुलगा जुलैच्या फेरपरीक्षेत मराठीत निघाला, इंग्रजीला आणखी दोन वेळा बसला. आता बाजार समितीत हर्रास पुकारतो. गेल्या दिवाळीआधी सोयाबीन घेऊन गेलेल्या माझ्या साडूनं सांगितलं, त्याचा आवाज दोन शेड पलीकडे जातो आणि व्यापारी त्याच्या एका वाक्यावर दहा-वीस रुपये चढवतात.

आणि माझं काय झालं तेही लिहितो, नाहीतर हे सगळं दुसऱ्यांच्या नावावर जाईल. फेब्रुवारी २०२० मध्ये वीस गुण परत आल्यावरची पहिली तोंडी होती. यंदा खरी परीक्षा घ्यायची असं मी ठरवलं. प्रत्येकाला तीन मिनिटं, विषय चिठ्ठीवर, आणि जेवढं बोलेल तेवढेच गुण. दोन दिवसांऐवजी पाच दिवस लागले. काहींना १९ पडले, अनेकांना १२-१३, एकाला ९. सहाव्या दिवशी मुख्याध्यापकांनी तक्ता समोर ठेवला. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "सर, बाजूच्या शाळेत सोळाच्या खाली कुणी नाही. गेल्या जूनमध्ये ऑफिसात आलेले ते पालक आठवतात ना?"

मी गुण पेनानं लिहिले होते, खोडता येण्यासारखे नव्हते. शिपायाला सांगून कोरा तक्ता मागवला आणि वरून सुरुवात केली.